मार्चमध्ये येत नाहीये, पण आधी सगळं वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला बसलं की आई "जेवलीस का"पासून सुरू करते, बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणून गॅलरीत निघून जातात आणि मुख्य सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून हे सगळं टाइप करून पाठवतेय. बाबा, खालच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या, मोबाईलवर डोळे ताणू नका. आणि आईला वाचून दाखवताना मधलं गाळायचं नाही. माईआत्याच्या पत्रांचं काय झालं होतं ते आपल्या तिघांनाही माहितीये.

तर, मी मार्चमध्ये परत येत नाहीये. इथलं, रक्सौलला नेपाळच्या सीमेवर फसवून नेल्या जाणाऱ्या मुलींना सोडवणाऱ्या संस्थेतलं, काम मार्चला संपणार होतं ते मी अजून दोन वर्षं वाढवून घेतलंय. सही झालीये, पुण्याच्या ऑफिसलाही नाही म्हणून कळवलं. आधी का नाही विचारलंस असं आई म्हणेल. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात गं, हेच तर आहे, तुम्ही दोघं "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असतात आणि मग आई देवासमोर जरा जास्त वेळ बसली असती, आणि मला ते इथून दिसलं असतं. म्हणून आधी सही केली.

आता रागावण्याआधी ऐका. दादाशी मी बोललेय, तो दर महिन्याला एक वीकेंड येणार आहे, त्याने स्वतःहून कबूल केलंय (बरं, थोडं मी कबूल करवून घेतलंय). पगार कमी आहे हे खरं, पण इथे खर्चच नाही, राहणं संस्थेचं, जेवण मेसचं, त्यामुळे घरी पाठवते ते कमी होणार नाही. आणि वर्षातून दोनदा सुट्टी मिळते, शिवाय बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येणार म्हणजे येणारच, ते मी सही करण्याआधीच त्यांना सांगून ठेवलंय. रक्सौलहून मुंबईला एलटीटीला थेट गाडी आहे, फक्त जानेवारीत धुक्यात ती कधी निघेल आणि कधी पोचेल ते रेल्वेलाही माहीत नसतं, म्हणून शक्यतो डॉक्टरांना फेब्रुवारीची तारीख मागा.

आईसाठी लिहितेय, बाबांनी हा भाग सावकाश वाचावा. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, ऑफिसच्या वर, खिडकीला जाळी आहे, मच्छरदाणी आहे, आरओचं पाणी आहे, इन्व्हर्टर आहे. कमोड आहे. गेल्या थंडीत गीझर नव्हता तो आता बसवलाय. रजई तू दिलेली तीच वापरते. खाली रात्री वॉचमन असतो, एसएसबीची, म्हणजे सीमेवरच्या सशस्त्र सीमा बलाची, चौकी लांब नाही, आणि अंधार पडल्यावर मी एकटी बाहेर जात नाही, जावंच लागलं तर गाडीने आणि बरोबर कोणीतरी असतं. आजारी पडले तर डंकन हॉस्पिटल आहे, १९३० पासून चालू आहे ते, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि नेपाळमधूनही लोक तिथे येतात, तेव्हा "त्या आडगावात डॉक्टर तरी असेल का" हे आता बंद. जेवायला रोज दाल-भात-तरकारी, बिहारी आणि नेपाळी दोन्ही हाताचं, आणि रविवारी मी पोहे करते, इथला चिउरा जाड असतो म्हणून जरा जास्त भिजवावा लागतो. मुली आधी हसायच्या की चिउरा दह्याशी खायचा सोडून ही भाजतेय काय, आता वाट बघतात.

आणि फोन लागत नाही म्हणून जी रडारड झाली त्याचं कारण एवढंच की पुलाजवळ गेलं की मोबाईल नेपाळचा टॉवर पकडतो. घड्याळपण आपोआप पंधरा मिनिटं पुढे जातं कारण त्यांची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. दिवसातून चार वेळा माझ्या फोनचा देश बदलतो. तेव्हा फोन लागला नाही तर अर्ध्या तासाने करा, लगेच दादाला बेंगळुरूला फोन करून त्याला मीटिंगमधून उठवायची गरज नाही.

आता का राहतेय ते. बाबा, तुम्ही मागे म्हणालात की सीमेवर मिलिटरी असते, पोलीस असतात, तू तिथे काय करतेस. बरोबर आहे प्रश्न. पण ही सीमा तशी नाहीच. १९५०च्या करारापासून इकडच्यांना तिकडे आणि तिकडच्यांना इकडे जायला व्हिसा लागत नाही, सतराशे किलोमीटरच्या वर लांबी, कुठे शेताचा बांध हीच सीमा. इथे मैत्री पुलावरून दिवसभर टांगे, ई-रिक्षा, सायकली, खाली ती काळीकुट्ट सिरसिया नदी (वासाबद्दल आईला सांगत नाही), पलीकडे वीरगंज. माणसं भाजी आणायला, लग्नाला, दवाखान्यात, कामाला जातात-येतात. ही मोकळीक चांगलीच आहे, माझं तिच्याशी भांडण नाही, हजारो घरं या पुलावर जगतात. पण याच गर्दीत एखादी चौदा वर्षांची मुलगी एखाद्या "मामेभावा"बरोबर टांग्यात बसलेली असते आणि तिला थांबवायला पाच-दहा मिनिटंच मिळतात. एकदा ती रक्सौल स्टेशनवर गाडीत बसली की संपलं.

एसएसबीच्या महिला कॉन्स्टेबल असतात आणि आमच्या दोघी-तिघी. काय बघतात? नवीन कपडे, नवीन मोबाईल, आणि बरोबरच्या माणसाचं आडनाव माहीत नाही. दोघं वेगवेगळ्या रिक्षांत पण नजर एकमेकांवर. मग दोघांना बाजूला घेऊन वेगवेगळं विचारायचं, कुठल्या गावचे, कुठे चाललात, घरी फोन लावून दे. अर्ध्याहून जास्त वेळा सगळं खरं निघतं आणि आम्ही माफी मागून चहा पाजून सोडतो. आमच्यातली एक दीदी स्वतः कधीकाळी अशीच नेली गेली होती, ती लांबून ओळखते, कसं ते विचारलं तर सांगता येत नाही तिला.

मागे एक मुलगी आली. तिला काही विचारलं की ती एकच वाक्य म्हणायची, हिंदीत, "मामा के घर जा रही हूँ, माँ का इलाज कराना है." नाव काय, तेच. पाणी पिणार का, तेच. रात्री मी विचारलं थंडी वाजतेय का, तर भिंतीकडे तोंड करून तेच. आम्हाला वाटलं हट्टी आहे. नंतर कळलं की तिला हिंदी येतच नव्हती, त्या माणसाने बसमध्ये तिच्याकडून ते पाठ करून घेतलं होतं आणि सांगितलं होतं, चुकलीस तर पोलीस धरतील. आई, तू गणपतीच्या गर्दीत जायच्या आधी माझ्याकडून घोकून घ्यायचीस ना, हरवलीस तर काय सांगशील, आणि मी एका श्वासात वडिलांचं पूर्ण नाव, बिल्डिंग, डोंबिवली पूर्व आणि खालच्या वाण्याच्या दुकानाचा फोन नंबर. आपल्याकडे फोन कुठे होता तेव्हा. तो नंबर मला अजून पाठ आहे. त्या रात्री मी तिच्या शेजारी बसून तोच आठवत होते, दुसरं काही सुचत नव्हतं.

फोटो पाठव म्हणतेस ना, ते का नाही पाठवत ते सांगते. मुलांची ओळख बाहेर द्यायला कायद्यानेच मनाई आहे, नाव, गाव, चेहरा काही नाही. तू नुसतं व्हॉट्सॲपवर बहिणींच्या ग्रुपला टाकणार, मला माहितीये, प्रेमानेच टाकणार, पण नको. त्या मुलीबद्दल वर लिहिलंय तेही तेवढंच, पुढचं विचारू नका.

पुलावरचं काम लोकांना दिसतं, पेपरात येतं. माझं काम त्याच्यानंतर सुरू होतं आणि त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. मूल अठराच्या आतलं असेल तर चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, म्हणजे मोतिहारीला, पन्नासेक किलोमीटर. मेडिकल. जबाब. केस झाली तर बीएनएसचं, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेचं, मानवी तस्करीचं कलम १४३, आधी ते आयपीसी ३७० होतं, फॉर्म अजूनही कुठेकुठे जुनेच. मग तिकडच्या वडा कार्यालयाला, म्हणजे नेपाळमधल्या वॉर्ड ऑफिसला फोन, आईबाप खरंच आईबाप आहेत का याची खात्री, कारण कधीकधी घ्यायला येतो तो काकाच पाठवणारा असतो. मग नेपाळ पोलीस, तिकडची संस्था, दोन्हीकडचे शिक्के, आणि मग पुलावर मुलीला सुपूर्द करायचं. याला कधी आठवडा लागतो, कधी काही महिने. तोवर ती इथे राहते. खाते, भांडते, केसातल्या उवा काढून घेते, टीव्हीच्या रिमोटवरून दुसरीचा हात चावते. मार्चमध्ये मी उठून आले असते तर माझ्या फायलीतल्या बऱ्याच जणी कोणाच्या तरी टेबलावर नुसत्या पडून राहिल्या असत्या. दुसरं कोणी शिकलं नसतं असं नाही, शिकलं असतं, पण तोपर्यंत त्या थांबल्या असत्या, आणि थांबणं म्हणजे काय ते मी रोज बघते.

बायका येतात मुलं घेऊन, त्यांचं वेगळंच. एक आत्ता आहे, चार वर्षांचा मुलगा बरोबर. तिला आखातात घरकामाला पाठवणार होते. नेपाळहून थेट जायचं तर त्यांच्या सरकारची श्रम स्वीकृती लागते, ती मिळत नाही म्हणून दलाल या बायकांना आधी इकडे आणतात आणि दिल्लीहून नाहीतर मुंबईहून विमानात बसवतात. मुलाला दिल्लीत "मावशी" सांभाळणार होती. मावशी कोण, कुठे राहते, काही नाही. तिची नागरिकता, म्हणजे आपल्या आधारसारखं पण त्याहून मोठं प्रकरण, दलालाकडेच राहिली. मुलाची जन्मनोंद झालेली नाही, बाप निघून गेलाय, आणि बापाशिवाय तिकडे कागद पुढे सरकवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. ती घरी जाऊ शकते, पण घरी गेली तर सासरा कर्जाचे पैसे मागणार. त्यामुळे ती आमच्याकडे भात शिजवते आणि मी फोन करत राहते. पोरगा मात्र मजेत आहे. त्याने मला "मोटी दीदी" नाव ठेवलंय. बघ आई, तू म्हणतेस वाळलीस.

आणि सगळ्या काही फसलेल्या नसतात, हेही सांगते, नाहीतर बाबा म्हणतील एकच बाजू मांडतेय. एक तेवीस वर्षांची होती, तिने मला झापलं. म्हणाली, तू तुझं घर सोडून इतक्या लांब आलीस तर नोकरी, मी निघाले की मला कोणीतरी विकतंय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अठराच्या वरच्या बाईला तिच्या मनाविरुद्ध ठेवायचा आम्हाला अधिकार नाही आणि नसावाच. आमच्यातल्या काही जणांना ते पटत नाही, भल्यासाठीच ठेवतो म्हणतात, यावरून आमच्या मीटिंगमध्ये दर वेळी वाजतं, आणि मी कोणाच्या बाजूने असते ते तुम्हाला सांगायला नको, मला लहानपणी भल्यासाठी किती वेळा कोंडलं होतं ते आठवा. तिला आम्ही दिल्लीतल्या हेल्पलाइनचे नंबर दिले, ज्याच्याबरोबर जात होती त्याचं नाव-नंबर लिहून घेतलं आणि जाऊ दिलं. पोचल्यावर तिने मेसेज केला. नंतर नाही केला. कामात असेल.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. तुमची ग्रँट रोडची ब्रँच होती तेव्हा मला शनिवारी कधी ऑफिसला न्यायचात, आणि स्टेशनवरून उतरलं की लांबच्या रस्त्याने न्यायचात. मी विचारलं की म्हणायचात, "तिकडे खणलंय." वर्षानुवर्षं खणलेला रस्ता! फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत, तुम्ही मला टाळून न्यायचात त्या कामाठीपुऱ्यातल्या कुंटणखान्यांवर धाडी पडल्या आणि पाचशेच्या जवळपास मुली-बायका सोडवल्या, त्यातल्या दोनशेच्या आसपास नेपाळच्या होत्या. तुम्ही पेपरात वाचलं असणार. पुढचं मात्र मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं, की नेपाळ सरकारच त्यांना परत घ्यायला तयार नव्हतं, आजार घेऊन येतील म्हणून, आणि त्या महिनोन् महिने आपल्याकडच्या सुधारगृहांत अडकून पडल्या. शेवटी तिकडच्या संस्थांनीच पुढाकार घेऊन १२८ जणींना काठमांडूला नेलं. त्यातल्याच काही जणींनी मिळून शक्ती समूह नावाची संस्था काढली आणि २०१३ मध्ये तिला मॅगसेसे मिळालं. सोडवलेल्या बायकांनीच काढलेली संस्था. मी तुम्हाला बोल लावत नाहीये हो, आठ-नऊ वर्षांच्या मुलीला दुसरं काय सांगणार होतात. पण त्या खणलेल्या रस्त्याचं दुसरं टोक इथे येतं, आणि ते तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्हाला कळेल म्हणून. दादाला सांगितलं तर तो "हं" म्हणाला.

तुम्हाला सोडून मी परक्यांची सेवा करतेय असं शेजारच्या काकू म्हणाल्या ते आईने मला हसत हसत सांगितलं, पण सांगितलंस म्हणजे लागलं असणार. आई, तसं नाहीये. बाबांना मागच्या वर्षी चक्कर आली तेव्हा मी इथे मोतिहारीच्या ऑफिसबाहेर बाकावर होते आणि तू फोनवर "काही नाही गं, शुगर जरा कमी झाली" म्हणालीस, आणि मला तुझ्या आवाजावरून कळलं की जरा नाही. त्या दिवशी मी समितीपुढे काय बोलले ते मला आठवत नाही. तुम्ही दोघं सतत डोक्यात असताच. संध्याकाळी लहान मुलांच्या डोक्याला तेल लावते ना, तर हात तुझ्यासारखाच चालतो, आधी टाळूवर थापटायचं, मग कानामागे. एका पोरीला सवय झालीये, ती तेलाची बाटली घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसते आणि लगेच झोपते. मी पण झोपायचे ना तशी? मग बाबा उचलून नेताना मी जागी असायचे, पण डोळे उघडायचे नाही. ते बाबांना माहीत होतं का?

बरं, आता कामाचं. हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

बाबांची शुगर रोज सकाळी, आणि आकडा मला मेसेज करायचा, "ठीक आहे" हा आकडा नाही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मी ऑनलाइन मागवल्यात, कुरिअरवाल्याला परत पाठवू नका. आईने माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढायचं नाही. काहीही असो, अगदी दिवाळीचे कंदील असोत, दादा येईल तेव्हा काढेल. बाथरूममध्ये पकडायचा दांडा लावायला माणूस येणार आहे, तो भिंतीला भोकं पाडेल, पाडू दे, टाइल्सची काळजी नंतर. आई, गुडघ्यासाठी ते शेजारच्यांचं आयुर्वेदिक तेल लाव हवं तर, पण गोळी बंद करायची नाही.

रिडेव्हलपमेंटच्या कुठल्याच कागदावर मला पाठवल्याशिवाय सही करायची नाही, सेक्रेटरी कितीही गोड बोलले तरी. "सगळ्यांनी केलीये" म्हणाले तर म्हणा, मुलगी वकील नाहीये पण वकिलापेक्षा जास्त कागद वाचते. आणि कोणी फोनवर पोलीस बोलतोय, सीबीआय बोलतोय, व्हिडिओ कॉल चालू ठेवा म्हणालं तर फोन कट. बाबा, तुम्ही त्या माणसाशी वीस मिनिटं वाद घातलात ते शौर्य नव्हतं. कट करायचा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवायचं.

दिवाळीला नाही येत, इथे छठ असते आणि निम्मा स्टाफ सुट्टीवर. रागावू नका. फराळ पाठवायचा असेल तर चकल्या नको, चुरा होतो, लाडू पाठव, आणि जास्त पाठव, इथे खाणारी तोंडं किती ते तू ओळखलंच असशील. स्वेटर विणायचे म्हणत होतीस ते खरंच विणणार असशील तर चार ते आठ वर्षांच्या मापाचे, पांढरे नकोत, डोळ्यांना ताण देऊन नकोत.

आणि ऑपरेशनची तारीख मिळाली की आधी मला सांगायचं, दादाला नंतर. रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं आणि इकडच्या गाड्यांना पहिल्या तासातच वेटिंग लागतं.

तुमची,
चिमी